रेन्सफर्ड आणि झारॉफ: तुलना नेमकी कुठे करायची?

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की रिचर्ड कॉनेल यांच्या ‘द मोस्ट डेंजरस गेम’ या कथेतील सँगर रेन्सफर्ड आणि जनरल झारॉफ यांच्यापैकी अधिक कसलेला शिकारी कोण, आणि कथा संपते तेव्हा त्या दोघांत काही फरक उरतो का? बाजारात मिळणाऱ्या गाइडमध्ये दोन रकाने आखून एकात ‘दयाळू, नीतिमान, धैर्यवान’ आणि दुसऱ्यात ‘क्रूर, अहंकारी, विकृत’ अशी विशेषणे भरली आहेत, पण ती वाचून आपले समाधान झाले नाही, असेही तिने लिहिले आहे. ते न होणेच योग्य आहे. ही कथा वीसेक वर्षे वर्गात शिकवताना मीही आरंभी फळ्यावर तसेच रकाने आखत असे, आणि दरवर्षी शेवटच्या परिच्छेदापाशी आलो की रकान्यांमधली उभी रेघ मला स्वतःलाच पुसावी लागत असे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. रानातल्या निव्वळ कसबाचा विचार केला तर झारॉफ रेन्सफर्डपेक्षा थोडा सरस आहे. दोघांच्या विचारातला फरक समजला जातो त्याहून पुष्कळच अरुंद आहे, परंतु तो खरा आहे आणि कथेत त्याची जागा दाखवता येते. शेवटी तो फरक टिकला की नाही, हे मात्र लेखकाने हेतुपुरस्सर झाकून ठेवले आहे, आणि त्याने ते कसे झाकले हे पाहण्यात या कथेची खरी गंमत आहे.

कथा 19 जानेवारी 1924 रोजी ‘कॉलियर्स’ या अमेरिकी साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. रेन्सफर्ड हा न्यूयॉर्कचा नामांकित शिकारी ॲमेझॉनच्या खोऱ्यात जॅग्वार मारायला निघालेला असताना कॅरिबियन समुद्रात रात्री आपल्या नौकेवरून पाण्यात पडतो, पोहत एका बेटावर पोहोचतो, आणि तिथे राहणारा रशियन सरदार झारॉफ जनावरांच्या शिकारीला कंटाळून आता माणसांची शिकार करतो, असे त्याच्या लक्षात येते. पुढे तीन दिवस स्वतः रेन्सफर्डच त्याचे सावज होतो. शीर्षकातील ‘गेम’ या शब्दाचे ‘खेळ’ आणि ‘ज्याची शिकार करायची ते जनावर’ असे दोन अर्थ आहेत, ही गोष्ट प्रत्येक टिपणात असते. मराठी वाचकाने त्यापुढे जाऊन आपल्या ‘शिकार’ या शब्दाकडे पाहावे असे मला वाटते. आपण शिकार करतो आणि आपण शिकारही होतो; जो मारतो त्याची क्रिया आणि जो मरतो तो जीव, या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजी शीर्षकात नसलेली ही सोय आपल्या भाषेत आयती आहे, आणि कथेचा सारा व्यवहार या एका शब्दाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याचाच आहे.

आता तुलना. ती बेटावर सुरू करू नये, नौकेवर सुरू करावी. झारॉफचे नावही आलेले नसताना रेन्सफर्ड आणि त्याचा मित्र व्हिटनी यांच्यात थोडे बोलणे होते. शिकार हा जगातला सर्वोत्तम खेळ आहे, असे रेन्सफर्ड म्हणतो. शिकाऱ्यासाठी असेल, जॅग्वारसाठी नव्हे, असे व्हिटनी सुचवतो. त्यावर रेन्सफर्ड त्याला, तू शिकारी आहेस, तत्त्वज्ञ नव्हेस, असे सुनावतो आणि जॅग्वारला काय वाटते याची पर्वा कोण करतो, असे विचारतो. निदान त्यांना भीती तरी कळत असावी, वेदनेची आणि मरणाची, असे व्हिटनी म्हणतो. रेन्सफर्ड तेही उडवून लावतो आणि वर ऐकवतो, की जगात दोनच वर्ग आहेत, शिकार करणारे आणि शिकार होणारे, आणि सुदैवाने आपण पहिल्या वर्गात आहोत.

हे वाक्य बाजूला लिहून ठेवावे आणि जेवणाच्या टेबलावर झारॉफ जे बोलतो ते त्याच्याशेजारी लिहावे. आयुष्य बलवानांसाठी असते, ते बलवानांनी जगायचे आणि गरज पडल्यास बलवानांनीच घ्यायचे. दुर्बळ माणसे जगात आली ती बलवानांच्या सुखासाठी, असे त्याचे म्हणणे आहे. दोन्ही वाक्यांची बांधणी एकच आहे. झारॉफने रेन्सफर्डच्याच विभागणीतली सीमारेषा थोडी सरकवली आहे, एवढेच. रेन्सफर्डने ती माणूस आणि जनावर यांच्यामध्ये आखली होती. झारॉफने ती माणसामाणसांमध्ये आणली. एकदा ‘त्यांना काय वाटते याची पर्वा कोण करतो’ असे म्हटले की ‘त्यांना’ या शब्दात कोणाला बसवायचे हे बंदूक ज्याच्या हातात तो ठरवतो, आणि झारॉफ नेमके तेच करतो.

झारॉफचे चरित्र कॉनेलने मोजक्या तपशिलांत उभे केले आहे. वडिलांची क्रायमियात 2,50,000 एकर जमीन. पाचव्या वर्षी चिमण्या मारायला छोटी बंदूक. दहाव्या वर्षी कॉकेशसमध्ये पहिले अस्वल. पुढे कोसॅक घोडदळाच्या एका डिव्हिजनचे नेतृत्व. राज्यक्रांतीनंतर देश सुटला, परंतु पैसा अमेरिकी रोख्यांत गुंतवलेला असल्याने हालअपेष्टा वाट्याला आल्या नाहीत. मग रॉकी पर्वतात ग्रिझली अस्वले, गंगेत मगरी, पूर्व आफ्रिकेत गेंडे. आफ्रिकेत एका केप म्हशीने त्याला सहा महिने अंथरुणाला खिळवले, आणि बरा होताच तो जॅग्वारसाठी ॲमेझॉनकडे धावला, म्हणजे कथेच्या आरंभी रेन्सफर्ड ज्या वाटेने निघाला आहे त्याच वाटेने. तिथे त्याच्या लक्षात आले की जनावराजवळ फक्त सहजप्रेरणा असते आणि बुद्धीपुढे तिचा टिकाव लागत नाही. त्याला शिकारीचा कंटाळा आला. झारॉफच्या क्रौर्याचे मूळ अनेक विद्यार्थी रागात किंवा सूडात शोधतात, पण त्या माणसाला कोणाचाच राग आलेला दिसत नाही. कधी हरण्याची शक्यताच न उरल्यामुळे आलेला कंटाळा हेच त्याचे मूळ आहे. म्हणून त्याला धैर्य, धूर्तपणा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विचारशक्ती असलेले सावज हवे आहे.

इथे एक थोडे बाजूचे, पण मराठी वाचकाच्या जवळचे. वाड्याच्या तळघरात डांबून ठेवून आपण ज्यांची शिकार करतो ती माणसे म्हणजे जगाचा गाळ, असे सांगताना झारॉफ मालवाहू जहाजांवरच्या खलाशांची यादी देतो, आणि त्या यादीत पहिला शब्द येतो ‘लास्कर’. लास्कर म्हणजे युरोपी जहाजांवर राबणारे आशियाई खलाशी, आणि त्यांत हिंदुस्थानी माणसांचा भरणा मोठा होता. कोकण किनाऱ्यावरची, विशेषतः रत्नागिरीकडची कितीतरी घरे ‘आजोबा बोटीवर होते’ असे आजही सांगतात. एकदा वर्गात मी हा शब्द समजावून सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘सर, म्हणजे त्या तळघरात आमचा पणजोबापण असू शकला असता.’’ त्यानंतर त्या वर्गात झारॉफच्या टेबलावरील सुग्रास जेवणाचे कौतुक कोणी केले नाही. कथा लिहिली गेली त्या काळातील वांशिक तुच्छता झारॉफच्या तोंडी आहे हे खरे, परंतु तिच्यावर रेन्सफर्डने दिलेले उत्तर, म्हणजे ‘पण ती माणसे आहेत’ हे छोटेसे वाक्य, कथेत अगदी वेळेवर आले आहे. त्यावर झारॉफ म्हणतो, म्हणूनच तर मी त्यांचा उपयोग करतो. त्यांना विचार करता येतो.

दोघांतला खरा फरक याच संभाषणात आहे. तुम्ही सांगता तो खून आहे, असे रेन्सफर्ड स्पष्ट म्हणतो. महायुद्धातल्या अनुभवाने तरी तुमचे डोळे उघडले असतील, असे झारॉफ सुचवतो, तेव्हा त्या अनुभवामुळे मी थंड डोक्याने केलेल्या खुनाला मान्यता देणार नाही, असे त्याचे उत्तर असते. यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पुढच्या दिवशीची गोष्ट, जिच्याकडे गाइडचे लक्ष जात नाही. तीन दिवस निभावून नेलेस तर मी तुला होडीने मुख्य भूमीवर पोहोचवीन, फक्त इथे घडले ते कोणाला सांगायचे नाही, अशी अट झारॉफ घालतो. रेन्सफर्ड ती अट नाकारतो. ज्याचा जीव टांगणीला आहे अशा माणसाने खोटे वचन देऊन टाकणे व्यवहाराचे ठरले असते, आणि ते दिले असते तर वाचकानेही त्याला दोष दिला नसता. उत्तरपत्रिकेत ‘रेन्सफर्ड नीतिमान आहे’ असे लिहायचे असेल तर त्याला आधार म्हणून हा नकार द्यावा. नुसते विशेषण पुरत नाही.

आता कसबाकडे येऊ. बेटावर पोहोचल्यानंतर रेन्सफर्डला रानाच्या कडेला चुरगळलेली झुडपे, दबलेले शेवाळ आणि रक्ताने लाल झालेले गवत दिसते, आणि जवळच एक चकाकणारी वस्तू सापडते. ते पॉइंट 22चे रिकामे काडतूस असते. तो लगेच हिशेब मांडतो: जनावर बऱ्यापैकी मोठे होते, त्याने झुंज दिली, आदल्या रात्री ऐकलेले पहिले तीन बार सावज उठवून जखमी करताना झाले असावेत आणि शेवटचा बार माग काढत इथवर येऊन त्याला संपवताना झाला असावा, एवढ्या हलक्या बंदुकीने एवढे जनावर मारायला निघालेला शिकारी छातीचा असला पाहिजे. प्रत्येक खूण त्याने अचूक वाचली आहे. फक्त ते जनावर माणूस होते, एवढे त्याच्या डोक्यात आलेले नाही, आणि न दिसलेल्या त्या शिकाऱ्याबद्दल त्याच्या मनात कौतुक उमटून गेले आहे. मागकाढ्या म्हणून तो पहिल्या प्रतीचा आहे आणि तरीही त्याची कल्पनाशक्ती जॅग्वारच्या बाबतीत जिथे थांबली होती तिथेच इथेही थांबते. हा परिच्छेद माझ्या मते संपूर्ण कथेतला सर्वांत चतुर परिच्छेद आहे.

पाठलाग सुरू झाल्यावर पहिल्या रात्री रेन्सफर्ड कोल्ह्यासारखा स्वतःच्याच मागावरून पुन्हापुन्हा फिरतो, वाटांचा गुंता करून ठेवतो आणि एका मोठ्या झाडावर चढून बसतो. पहाटेच्या सुमारास झारॉफ जमिनीवर नजर ठेवून नेमका त्याच झाडाखाली येऊन थांबतो. आपली काळी सिगारेट पेटवतो, आणि तिचा उदबत्तीसारखा उग्र धूर वर रेन्सफर्डच्या नाकापर्यंत येतो. झारॉफची नजर बुंध्यावरून इंचाइंचाने वर चढू लागते. रेन्सफर्ड ज्या फांदीवर आडवा पडला आहे तिच्या अलीकडे ती थांबते. झारॉफच्या चेहऱ्यावर हसू पसरते, तो धुराचे एक वलय हवेत सोडतो आणि पाठ फिरवून निघून जातो. त्याला सारे दिसले होते. उद्याच्या खेळासाठी त्याने सावज राखून ठेवले. आपण उंदीर आहोत आणि तो कोसॅक, म्हणजे झारॉफ, मांजर आहे, हे रेन्सफर्डला त्या क्षणी कळते, आणि भीती म्हणजे काय याचा अर्थही त्याला पूर्णपणे तेव्हाच कळला, असे लेखक लिहितो. नौकेवर व्हिटनी जे सांगत होता ते समजायला रेन्सफर्डला स्वतः झाडावर चढून बसावे लागले.

त्यानंतर रेन्सफर्ड तीन सापळे रचतो. पहिला मलायी पद्धतीचा, ज्यात वाळलेले मोठे झाड छोट्या जिवंत झाडावर असे टेकवून ठेवतात की धक्का लागताच ते कोसळावे; ते कोसळते, पण झारॉफ चपळाईने मागे उडी घेतो आणि त्याचा फक्त खांदा जायबंदी होतो. आपणही मलाक्कात शिकार केलेली आहे, असे त्याने तिथूनच मोठ्याने सांगणे हे दोघांचे शिक्षण एकाच शाळेत झाल्याची साक्ष आहे. दुसरा सापळा ‘डेथ स्वॅम्प’ या दलदलीजवळ खणलेला, तळाशी टोकदार खुंट रोवलेला ब्रह्मदेशी वाघखड्डा. त्यात झारॉफचा एक उत्तम कुत्रा मरतो. तिसरी युगांडात शिकलेली युक्ती, लवचीक रोपट्याला सुरी बांधून ते वेलीने ताणून ठेवण्याची. तिच्यात झारॉफचा धिप्पाड मुका-बहिरा नोकर इव्हान बळी पडतो.

या तीन प्रसंगांना ‘रेन्सफर्डच्या हुशारीची उदाहरणे’ म्हणून सोडून देतात. पण नीट पाहिले तर एकही सापळा ज्याच्यासाठी रचला होता त्याला मारू शकलेला नाही. शिकारी म्हणून रेन्सफर्डजवळ जे जे ज्ञान होते ते सर्व त्याने वापरले आणि ते सर्व झारॉफसमोर अपुरे पडले. म्हणूनच मी वर म्हटले की कसबात झारॉफ थोडा सरस आहे. अर्थात त्याच्याजवळ कुत्रे, पिस्तूल, रात्रीची झोप आणि बेटाची खडान्‌खडा माहिती आहे, हे विसरून चालणार नाही. बरोबरीच्या सामन्याची भाषा करणारा हा माणूस पूर्वी एकदा हरायची वेळ आली तेव्हा कुत्रे सोडून मोकळा झाला होता, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. रेन्सफर्डच्या बाबतीतही तो अखेर कुत्र्यांचा अख्खा कळप घेऊनच येतो. म्हणजे नियम आहेत, पण ते त्याच्या सोयीने वाकतात.

रेन्सफर्ड वाचतो तो शिकाऱ्याच्या विद्येमुळे वाचत नाही. कुत्रे मागे लागलेले असताना तो कड्याच्या टोकाशी येतो, वीस फूट खाली समुद्र असतो, आणि तो उडी घेतो. कोंडीत सापडलेले जनावर जे करील तेच तो करतो. कथेच्या आरंभी तो समुद्रात पडला होता तो निसटणारा पाइप पकडण्याच्या नादात. आता तो जाणूनबुजून पडतो. झारॉफ काही मिनिटे त्या निळ्याहिरव्या पाण्याकडे पाहतो, खांदे उडवतो, खाली बसून चांदीच्या फ्लास्कमधून ब्रँडी घेतो आणि एका ऑपेरातली धून गुणगुणतो. रात्री उत्तम जेवल्यावर त्याला दोनच गोष्टी खटकतात: इव्हानसारखा नोकर पुन्हा मिळणे कठीण आहे, आणि त्या अमेरिकनाने उडी मारून खेळाचे नियम पाळले नाहीत. समुद्रात उडी टाकणे त्याच्या हिशेबातच नव्हते, कारण आपले सावज विचार करते हे त्याला हवे होते, पण ते जिवाच्या आकांताने काय करील हे त्याने कधी मनात आणलेच नव्हते. नौकेवरच्या रेन्सफर्डची चूक तीच होती. फरक इतकाच, की रेन्सफर्डची चूक त्याला झाडावर बसवून दुरुस्त केली गेली आणि झारॉफला तशी संधी मिळाली नाही.

इथे कॉनेलने निवेदनात एक बदल केला आहे, ज्यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. तोवरची जवळजवळ सर्व कथा रेन्सफर्डच्या खांद्यावरून पाहिलेली आहे. त्याची भीती, त्याचे ‘मी धीर सोडणार नाही’ असे स्वतःला बजावणे, सारे आपल्याला आतून कळते. उडीनंतर मात्र निवेदन झारॉफबरोबर त्याच्या वाड्यात जाते. रेन्सफर्ड खाडी पोहून वाड्यात कसा शिरला, पडद्याआड किती वेळ उभा होता, आणि त्या वेळात त्याच्या मनात न्याय होता, सूड होता की नुसती जगण्याची धडपड होती, यांतले काहीही आपल्याला सांगितले जात नाही. तो पुन्हा दिसतो तो थेट झारॉफच्या शयनगृहात, आणि दिसतो तोही झारॉफच्या नजरेतून, एखाद्या दबा धरून बसलेल्या श्वापदासारखा.

झारॉफ त्याचे अभिनंदन करतो आणि तू जिंकलास असे कबूल करतो. खेळाच्या नियमाप्रमाणे सारे तिथेच संपायला हवे. परंतु रेन्सफर्ड म्हणतो, मी अजून कोंडीत सापडलेले जनावरच आहे, तयार व्हा. मग झारॉफ वाकून अभिवादन करतो आणि हरेल तो कुत्र्यांचे भक्ष्य होईल व जिंकेल तो या बिछान्यात झोपेल, असे जाहीर करतो. याला स्वसंरक्षण म्हणता येईल, कारण झारॉफच्या शब्दावर विसंबणे शहाणपणाचे नव्हते आणि आणखी खलाशी त्याच्या तळघरात येणारच होते. याला सूडही म्हणता येईल, कारण त्या खोलीत पुढचे पाऊल रेन्सफर्डने टाकले. मात्र तो झारॉफसारखाच झाला, असे सरसकट विधान करू नये. झारॉफने दुर्बळ, निःशस्त्र, परक्या माणसांना फसवून बेटावर आणले. समुद्रात जिथे वाट नाही तिथे दिवे लावून जहाजे खडकांवर घातली. रेन्सफर्डने आपल्या तोडीच्या माणसाला समोरासमोर, सावध करून आव्हान दिले. दोघांच्या हातून माणूस मेला, एवढ्या साम्यावरून दोघे एक ठरत नाहीत.

कथेच्या अखेरच्या वाक्यात मात्र निवेदन एकदाच पुन्हा रेन्सफर्डच्या मनात शिरते, आणि भाषांतर करताना आमचे विद्यार्थी हमखास इथेच घसरतात. ‘याहून चांगल्या बिछान्यात आपण कधी झोपलो नव्हतो, असे रेन्सफर्डला वाटले’ असे ते लिहितात. मूळ इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘वाटले’ असा नाही. तो ‘ठरवले’ असा आहे. अंगावर येणाऱ्या सुखाविषयी माणूस ‘वाटले’ म्हणतो. ‘ठरवले’ हा शब्द दोन बाजू तपासून निर्णय देणारा माणूस वापरतो. त्या रात्री रेन्सफर्डने फक्त बिछान्याविषयी निर्णय दिला की आणखी कशाविषयी, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत मोकळा सोडलात तरी गुण कापले जाऊ नयेत. शब्द मात्र ‘ठरवले’ हाच लिहा.